बालसाहित्यातील किशोरवयीन चेटकीण : खोडकर आणि उपकारक जादूच्या परिणामांचा चिकित्सक अभ्यास
(ओटफ्रीड प्रॉयस्लर, एइको कादोनो व टेरी प्रॅचेट यांच्या कथात्म लेखनाच्या विशेष संदर्भात)

सारांश :
लोककथेतील चेटकीण ही प्रामुख्याने खलपात्र होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जागतिक बालसाहित्यात तिचे रूपांतर शिकाऊ, चुका करणाऱ्या आणि चुकांतून घडणाऱ्या नायिकेत झाले. प्रस्तुत शोधनिबंधात जर्मन, जपानी व इंग्रजी भाषांतील तीन लेखकांच्या किशोरवयीन चेटकिणींचा तौलनिक विचार केला आहे. खोडकर जादूचा परिणाम लवकर दिसतो आणि बहुधा निस्तरता येतो. उपकारक जादूचा परिणाम मात्र दूरगामी, गुंतागुंतीचा आणि अनेकदा न दिसणारा असतो, असे या अभ्यासात आढळले. उपकाराची पारख त्यामागील हेतूवरून करावी, की ज्याच्यावर उपकार झाला त्याला तो कळला व नाकारता आला यावरून करावी, हा प्रश्न या निबंधाच्या केंद्रस्थानी आहे. 'चेटकीण' हा शब्द महाराष्ट्राच्या सामाजिक वास्तवात आजही निरुपद्रवी नसल्याने या कथांचे मराठीतील वाचन व अध्यापन कोणत्या भानाने व्हावे, याचाही शेवटी विचार केला आहे.

बीजसंज्ञा : बालसाहित्य, चेटकीण, उपकार, परिणामांची जाणीव, संमती, अंधश्रद्धा, भाषांतर.

१. प्रस्तावना
जंगलातल्या घरात राहणारी, मुलांना भुलवून खाणारी म्हातारी चेटकीण ही प्रतिमा जगभरच्या वाचकांच्या मनात दृढ करण्यात ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'हॅन्सेल आणि ग्रेटेल' या कथेचा मोठा वाटा आहे. त्या कथेतील चेटकिणीला शिकण्यासारखे काही नाही. ती दुष्ट आहे, शेवटी भट्टीत ढकलली जाते आणि मुले सुखरूप घरी परततात. तिच्या जादूचे परिणाम इतरांना भोगावे लागतात. तिच्या स्वतःच्या वाट्याला येते ती केवळ शिक्षा. शिक्षेतून ती काही शिकेल, अशी अपेक्षा कथा करीत नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र बदलले. जिल मर्फी यांचे 'द वर्स्ट विच' (१९७४) आणि जे. के. रोलिंग यांची १९९७ पासून प्रसिद्ध झालेली हॅरी पॉटर मालिका यांमुळे जादू शिकणारी मुले हा विषय लोकप्रिय झाला. या कथांचा साचा मुख्यतः शालेय कथेचा आहे. जादूचा गैरवापर हा तेथे बऱ्याच अंशी शिस्तभंग ठरतो आणि परिणाम म्हणजे शिक्षकांनी दिलेली शिक्षा, असे समीकरण तयार होते.

प्रस्तुत निबंधासाठी निवडलेल्या कथांत मात्र शाळा नाही. ओटफ्रीड प्रॉयस्लर यांची 'दी क्लाइनं हेक्सं' म्हणजे 'छोटी चेटकीण' (१९५७), एइको कादोनो यांची 'माजो नो ताक्क्यूबिन' (१९८५) आणि टेरी प्रॅचेट यांच्या टिफनी एकिंग या नायिकेच्या पाच कादंबऱ्या (२००३ ते २०१५) यांत शिकाऊ चेटकीण थेट समाजात वावरते. तिच्या जादूचा परिणाम गुणपत्रिकेवर उमटत नाही. तो शेजाऱ्यांच्या आयुष्यावर उमटतो. त्यामुळे परिणामांच्या जाणिवेचा अभ्यास करण्यासाठी या कलाकृती अधिक उपयुक्त ठरतात.

२. उद्दिष्टे, पद्धती व मर्यादा
१) निवडक कलाकृतींतील खोडकर व उपकारक जादूचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) दोन्ही प्रकारच्या जादूचे परिणाम नायिकेला कसे उमगतात, याचा शोध घेणे.
३) या कथांच्या मराठी वाचन-अध्यापनातील शक्यता व अडचणी यांचा विचार करणे.

अभ्यासासाठी संहितानिष्ठ वाचन व तौलनिक पद्धती यांचा अवलंब केला आहे. जर्मन व जपानी कलाकृतींचे वाचन इंग्रजी अनुवादांच्या आधारे केले असल्यामुळे त्या भाषांतील शैलीविषयी येथे मतप्रदर्शन केलेले नाही.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी
युरोपात पंधराव्या ते अठराव्या शतकांच्या दरम्यान चेटूक केल्याच्या आरोपावरून सुमारे चाळीस ते साठ हजार व्यक्तींना मृत्युदंड देण्यात आला, असा आजच्या इतिहासकारांचा साधारण अंदाज आहे. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. स्वित्झर्लंडमधील ग्लारुस येथे १७८२ मध्ये देहदंड दिलेल्या आना ग्योल्डी या मोलकरणीला तेथील प्रतिनिधिगृहाने २००८ मध्ये, म्हणजे सव्वादोनशे वर्षांनंतर, निर्दोष ठरविले. जर्मन आणि इंग्रजी लेखक चेटकिणीविषयी लिहितो तेव्हा ही स्मृती त्याच्या पाठीशी असते. जपानी समाजाला या स्वरूपाच्या खटल्यांचा वारसा नाही. कादोनो यांची चेटकीण ही पाश्चात्त्य कथांतून आलेली पाहुणी आहे. तिन्ही कलाकृतींच्या स्वरात जो फरक जाणवतो त्याचे एक मूळ येथे आहे.

४. प्रॉयस्लर यांची छोटी चेटकीण : चांगुलपणाची व्याख्या कोणाची?
प्रॉयस्लर (१९२३–२०१३) यांचा जन्म बोहेमियातील रायखनबर्ग, म्हणजे आजच्या लिबेरेत्स येथे झाला. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत युद्धबंदी म्हणून पाच वर्षे काढल्यानंतर ते बव्हेरियात शिक्षक झाले. दुष्ट चेटकिणींच्या भीतीने आपल्या मुली झोपेनात, म्हणून आता अशा चेटकिणी का उरल्या नाहीत हे सांगताना ही कथा सुचली, असे त्यांनी सांगितले आहे. कथेचा जन्मच असा मुलांच्या भीतीला दिलेल्या उत्तरातून झाला आहे.

कथानायिकेचे वय एकशे सत्तावीस वर्षे आहे. चेटकिणींच्या हिशेबाने ती अजून लहान आहे. ती रोज नेमाने जादूचा अभ्यास करते. पाऊस पाडायला जावे आणि आकाशातून पांढरे उंदीर, बेडूक किंवा ताक पडावे, अशी तिची सुरुवातीची प्रगती आहे. वाल्पुर्गिसच्या रात्री, म्हणजे ३० एप्रिलला, ब्लॉक्सबर्ग पर्वतावर मोठ्या चेटकिणींचे नृत्य असते. लहान असल्याने तिला तेथे मज्जाव आहे. ती चोरून जाते आणि हवामानाची जादू करणारी तिची मावशी रुम्पुम्पेल तिला पकडते. तिचा झाडू जाळला जातो आणि तिला पायी घरी जावे लागते. चांगली चेटकीण होऊन परीक्षा दिलीस तर पुढच्या वर्षी नाचायला येऊ देऊ, असे मुख्य चेटकीण तिला सांगते.

खोडीचा हिशेब येथे एका रात्रीत पुरा होतो. चोरून नाच केला, झाडू गेला, पाय दुखले. यातून ती जे शिकते ते एवढेच, की पकडले जाऊ नये. तिचे खरे शिक्षण पुढच्या वर्षभरात होते. मावशीवर सूड उगविण्याचा तिचा बेत असतो. पण चांगली चेटकीण होण्याचे वचन दिल्यावर सूड घेता येणार नाही, याची आठवण तिचा सोबती डोमकावळा आब्राक्सास करून देतो. त्यानंतर ती सरपण वेचणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी वारा सोडून वाळक्या काटक्या पाडते. कागदी फुले विकणाऱ्या मुलीच्या फुलांना सुगंध देते. घोड्यांना झोडपणाऱ्या गाडीवानाचा आसूड त्याच्यावरच उलटवते. म्हाताऱ्यांना छळणाऱ्या वनरक्षकाला सरपण वाहायला लावते.

वर्षअखेरीस ती परीक्षा उत्तम देते. मात्र मावशीने वर्षभर तिच्यावर पाळत ठेवून केलेली नोंद वाचली जाते आणि मोठ्या चेटकिणी संतापतात. त्यांच्या कोशात चांगली चेटकीण म्हणजे नेहमी वाईट करणारी! 'चांगली' या एकाच शब्दाचे दोन अर्थ परस्परांवर आदळतात, तेव्हा कथा बालरंजनाच्या पलीकडे जाते. हुकूमशाही आणि युद्ध अनुभवलेल्या समाजात आज्ञाधारकपणा आणि चांगुलपणा ही एकच गोष्ट नव्हे, हे १९५७ मध्ये सांगणे किरकोळ नव्हते.

तरीही दोन मुद्द्यांवर ही कलाकृती प्रश्नांकित करावी लागते. पहिला मुद्दा उपकाराच्या स्वरूपाचा आहे. फुलवालीला आपली फुले का खपली हे कळत नाही. तिच्या फुलांना पुढच्या बाजारी सुगंध असेल का, आणि नसेल तर गिऱ्हाइके तिला काय म्हणतील, याचा विचार कथा करीत नाही. वनरक्षक सुधारतो तो दहशतीने. त्याचे मतपरिवर्तन झाल्याचे दिसत नाही. येथील उपकाराला परिणाम आहे, पण उत्तरायुष्य नाही.

दुसरा मुद्दा शेवटाचा आहे. शिक्षा म्हणून तिला वाल्पुर्गिसच्या होळीसाठी लाकडे गोळा करायला सांगितले जाते. ती सर्व चेटकिणींचे झाडू आणि मंत्रांचे ग्रंथ जादूने तेथे ओढून आणते, त्यांची जादू कायमची हिरावून घेते आणि तो ढीग पेटवून एकटीच नाचते. ज्या आगीत इतिहासात माणसे जळाली त्या आगीत येथे केवळ साधने जळतात, हा बदल निश्चितच स्वागतार्ह आहे. परंतु १० मे १९३३ रोजी जर्मनीच्या विद्यापीठनगरांत ग्रंथांच्या होळ्या पेटल्या होत्या, हे ठाऊक असणारा प्रौढ वाचक या दृश्यापाशी अडखळतो. जगात जादू जाणणारी आता ती एकटीच उरली. तिला चुकीच्या वाटेवर अडवणारे कोण? आब्राक्सासचा उपदेश हाच काय तो अंकुश. चांगल्या हाती गेलेली निरंकुश सत्ता चांगलीच राहील, हा विश्वास बालवाचकाला दिलासा देतो. परिणामांचे शिक्षण मात्र तेथे अर्धवट सुटते.

५. कादोनो यांची किकी : उपकार आणि देवघेव
कादोनो यांच्या कादंबरीला १९८५ मध्ये नोमा बालसाहित्य पुरस्कार मिळाला आणि २०१८ मध्ये लेखिकेला हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्काराने गौरविण्यात आले. हायाओ मियाझाकी यांनी १९८९ मध्ये केलेल्या अ‍ॅनिमेशनपटामुळे ही कथा जगभर पोहोचली. तेराव्या वर्षी चेटकिणीच्या मुलीने घर सोडून, जेथे दुसरी चेटकीण नाही अशा गावी एक वर्ष स्वबळावर राहायचे, अशी या कथेतील प्रथा आहे. किकी जीजी नावाच्या काळ्या मांजरासह कोरिको या सागरतीरावरील शहरात येते आणि झाडूवरून सामान पोहोचविण्याचे काम सुरू करते.

या विश्वात जादू ओसरत चालली आहे. किकीची आई कोकिरी हिच्याजवळ उडण्याची आणि शिंकांवरचे औषध करण्याची अशा दोनच विद्या उरल्या आहेत. किकीला केवळ उडता येते. त्यामुळे येथील उपकार हा चमत्कार नसून सेवा आहे. कादंबरीतील किकी बहुधा पैशांऐवजी समोरचा आपल्याजवळचे जे देईल त्यातला वाटा घेते. आपल्याकडील बलुतेदारीची आठवण होण्याइतका हा व्यवहार जवळचा वाटतो. मात्र त्यात जन्मजात बंधन नाही, हा महत्त्वाचा भेद आहे. घेणाऱ्याला उपकार कळतो, तो त्याची परतफेड करतो आणि त्यामुळे उपकाराचे ओझे राहत नाही.

खोडीचा एक सूक्ष्म नमुना या कादंबरीत आढळतो. एका मुलीने एका मुलासाठी दिलेली कविता किकी कुतूहलापोटी वाटेत उघडून वाचते. वाऱ्याने ती नाहीशी होते आणि किकीला ती आठवून पुन्हा लिहावी लागते. यात जादूचा अंशही नाही. झाडूवर बसता येणाऱ्या मुलीच्या हातून झालेला हा साधा विश्वासभंग आहे. शक्ती कोणतीही असो, दुसऱ्याने विश्वासाने सोपविलेली गोष्ट सांभाळता येणे ही खरी परीक्षा होय, हे लेखिका सुचविते.

चित्रपटात उपकाराची दुसरी बाजू अधोरेखित होते. एका वृद्धेने नातीसाठी केलेला माशाचा पदार्थ किकी मुसळधार पावसात पोहोचविते आणि नात तो नाखुशीने घेते. चित्रपटात पुढे किकीची उडण्याची शक्तीच जाते. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध आहे असे चित्रपट सांगत नाही; तथापि कृतज्ञतेच्या अपेक्षेवर उभा राहिलेला उपकार कर्त्याला आतून कसा रिता करतो, हे त्यातून सूचित होते. अखेरीस मित्र संकटात सापडल्यावर ती एका सफाई कामगाराचा ब्रश मागून घेऊन उडते. या वेळी मोबदला, कौतुक किंवा व्यवसाय यांपैकी काहीही तिच्या मनात नसते.

मर्यादा सांगायची तर किकीच्या जगात चेटकिणीला कोणी भीत नाही. सुरुवातीचा परकेपणा ओसरला की शहर तिला सामावून घेते. त्यामुळे उपकार करणारीवरच संशय येण्याची शक्यता या कथेच्या कक्षेत येत नाही.

६. प्रॅचेट यांची टिफनी : उपकाराचे दूरचे पडसाद
ती शक्यता प्रॅचेट (१९४८–२०१५) यांनी आपल्या कादंबऱ्यांच्या गाभ्याशी ठेवली आहे. 'द वी फ्री मेन' (२००३) या पहिल्या कादंबरीत टिफनी नऊ वर्षांची आहे. तिच्या गावात मिसेस स्नॅपरली नावाची एक निराधार म्हातारी होती. सरदाराचा मुलगा नाहीसा झाला तेव्हा तिनेच त्याला भट्टीत घातले असावे, असा गावाने समज करून घेतला. तिचे घर उद्ध्वस्त केले गेले आणि हिवाळ्यात ती उघड्यावर मेली. टिफनी त्या घराच्या अवशेषांत जाऊन भट्टी पाहते. एवढ्याशा भट्टीत तो मुलगा मावणेच शक्य नव्हते! 'हॅन्सेल आणि ग्रेटेल' वाचून वाढलेल्या समाजाला प्रॅचेट यांनी एका नऊ वर्षांच्या मुलीकडून प्रत्यक्ष पुरावा तपासायला लावले आहे. टिफनी चेटकीण व्हायचे ठरवते ते असे पुन्हा कोणाच्या बाबतीत घडू नये म्हणून.

तिच्या खोडींचे परिणाम गंभीर आहेत. 'अ हॅट फुल ऑफ स्काय' (२००४) मध्ये अकरा वर्षांच्या टिफनीला आरशाशिवाय स्वतःला पाहण्यासाठी देहाबाहेर पडण्याची क्लृप्ती सापडलेली असते. हे किती धोक्याचे आहे हे तिला ठाऊक नसते. रिकाम्या देहात एक अमूर्त शक्ती शिरते आणि टिफनीच्या मनातील दडलेल्या इच्छा प्रत्यक्षात आणू लागते. मिस्टर वीव्हॉल या वृद्धाने अंत्यविधीसाठी जपून ठेवलेले पैसे तिच्या हातून चोरले जातात. 'विंटरस्मिथ' (२००६) मध्ये केवळ पाय थिरकले म्हणून ती ऋतुचक्राच्या नृत्यात शिरते. हिवाळा तिच्यावर भाळतो, बर्फ हटत नाही आणि तिच्याच माळरानावरची कोकरे मरू लागतात. दोन्ही ठिकाणी दुष्ट हेतू नाही. तरीही हेतू नव्हता म्हणून जबाबदारी नाही, ही पळवाट लेखक तिला देत नाही. जे घडले ते निस्तरायला तिलाच परत जावे लागते.

वीव्हॉल प्रसंगाचा शेवट लक्षणीय आहे. टिफनीचे चिमुकले मित्र त्याची पेटी सोन्याने भरून ठेवतात. एवढा पैसा पाहून म्हातारा मरणाची तयारी सोडून एका विधवेला मागणी घालायचे ठरवितो. चोरीची भरपाई त्याच्या आयुष्याला अनपेक्षित वळण देते. ते वळण सुखाचे आहे; पण टिफनीने ते योजिलेले नव्हते. चांगल्या परिणामाचे श्रेयही आपल्याला घेता येत नाही, हे तिच्या शिक्षणातील महत्त्वाचे पाऊल आहे.

याच कादंबरीतील रॅडल कुटुंबाचा प्रसंग प्रस्तुत निबंधाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. त्यांच्या घरी आजारपण हटत नाही, कारण पिण्याच्या पाण्याची विहीर शौचकूपाजवळ आहे. डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव पाण्यात असतात, असे मिस लेव्हल ही सज्जन चेटकीण त्यांना परोपरीने समजावते. ते ऐकतात, पण काही करीत नाहीत. मग ज्येष्ठ चेटकीण ग्रॅनी वेदरवॅक्स त्यांना सांगते, की शौचकूपाच्या वासाने भुते येतात. ते तातडीने नवी विहीर खणायला घेतात. हे असत्य आहे, असा आक्षेप टिफनी घेते. लोकांना आज पटेल अशा गोष्टीने आज त्यांचा जीव वाचविणे आवश्यक आहे, असा ग्रॅनीच्या उत्तराचा आशय आहे.

अनेक वाचकांना ग्रॅनीचे हे व्यवहारज्ञान भावते. विहीर हलली हे नाकारता येत नाही. परंतु प्रॅचेट यांच्याच पहिल्या कादंबरीच्या प्रकाशात हा प्रसंग वाचला की त्यातील ताण स्पष्ट होतो. रॅडल कुटुंबाने पाण्याविषयी काहीच शिकून घेतले नाही. भुते आजार आणतात, ही त्यांची समजूत मात्र एका अधिकारी व्यक्तीच्या शिक्क्याने पक्की झाली. उद्या नव्या विहिरीचे पाणी पिऊनही मूल आजारी पडले, तर ते भूत कोणी धाडले, हा प्रश्न त्यांना पडणार. त्याचे उत्तर शोधत गाव ज्या दाराशी जाते ते दार मिसेस स्नॅपरलीचे असते. ज्या समजुतीने एक घर वाचले तिनेच दुसरे घर उद्ध्वस्त झाले. उपकारक असत्याचा हा दूरचा परिणाम ग्रॅनीच्या हिशेबात दिसत नाही. टिफनीचा आक्षेप बालसुलभ भाबडेपणा म्हणून सोडून देता येत नाही. संपूर्ण मालिकेचा नैतिक पाया त्या आक्षेपात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या वाचनाला 'आय शॅल वेअर मिडनाइट' (२०१०) या कादंबरीतून दुजोरा मिळतो. टिफनी आता जवळजवळ सोळा वर्षांची आहे. वृद्धांची नखे कापणे, रात्री-अपरात्री बाळंतिणीजवळ बसणे, जखमा बांधणे हे तिचे रोजचे काम आहे. जादू फारच थोडी. मरणासन्न सरदाराच्या वेदना ती काढून घेते आणि त्याचा नैसर्गिक मृत्यू होतो. त्याची परिचारिका तिच्यावरच हत्येचा व चोरीचा आरोप करते. शुश्रूषेसाठी ती त्याच्या खोलीत होती, हीच गोष्ट तिच्याविरुद्धचा पुरावा ठरते. तिच्याविषयी पसरणाऱ्या द्वेषामागे एका प्राचीन चेटकीणशोधकाचे भूत आहे, अशी योजना लेखकाने केली आहे. विषारी संशय व्यक्तीबरोबर मरत नाही, असा त्याचा अर्थ लावता येतो.

७. तौलनिक निरीक्षणे
तिन्ही कलाकृती एकत्र ठेवल्या असता एक विषमता दिसते. खोडीचा परिणाम कर्त्यापर्यंत परत येतो. जळलेला झाडू, हरवलेली कविता, न हटणारा बर्फ, हे सर्व कर्त्याला दिसते आणि म्हणून शिकवते. उपकाराचा परिणाम मात्र कर्त्यापासून दूर जातो. फुलवाली पुढच्या बाजारी काय करते, रॅडल कुटुंब पुढच्या आजारपणात कोणावर संशय घेते, हे उपकार करणारीला सहसा कळत नाही. चांगले केल्याच्या समाधानाने ती मागे वळून पाहत नाही. त्यामुळे खोडकर मुलगी लवकर शहाणी होते, तर सद्हेतूने वागणारीला शहाणे व्हायला अधिक काळ लागतो.

उपकाराची कसोटी म्हणून दोन प्रश्न विचारता येतात. ज्याच्यासाठी केले त्याला ते कळले का? आणि त्याला ते नाकारता आले असते का? प्रॉयस्लर यांच्या नायिकेचे बहुतेक उपकार या कसोटीवर उतरत नाहीत, जरी तिचा हेतू निर्मळ आहे. किकीचे उतरतात, कारण ते देवघेवीच्या नात्यात घडतात. प्रॅचेट यांच्या कथांत ही कसोटीच वादाचा विषय होते आणि ग्रॅनी व टिफनी तिच्या दोन बाजूंना उभ्या राहतात.

८. मराठी संदर्भ
मराठी बालरंगभूमीवर चेटकीण परिचित आहे. रत्नाकर मतकरी यांच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यातील चेटकीण दिलीप प्रभावळकर यांनी आणि अलीकडच्या काळात वैभव मांगले यांनी साकारली. पुरुष नटाने रंगविलेल्या या चेटकिणीला मुले आधी घाबरतात आणि मग खदखदून हसतात. भीतीचे हसण्यात रूपांतर करणे, ही बालनाट्याची मोठी कामगिरी आहे. तथापि ती खलनायिकाच राहते. शिकणारी चेटकीण हे पात्र त्या परंपरेत रुजलेले नाही.

भाषांतराची अडचण येथूनच सुरू होते. हडळ, जखीण ही मराठी लोकसमजुतीतील पिशाच्चे आहेत. चेटकीण व डाकीण हे शब्द मात्र जिवंत स्त्रीला लावले जातात. सातपुड्याच्या आदिवासी पट्ट्यात डाकीण ठरवून स्त्रियांचा छळ व हत्या झाल्याच्या घटना गेल्या काही दशकांत वारंवार उजेडात आल्या आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते, जनावरांचे दूध आटवते, रोगराई आणते, असे सांगून तिच्याविषयी संशय निर्माण करणे व तिचे जगणे मुश्कील करणे, हाही त्या कायद्यान्वये गुन्हा आहे. मिसेस स्नॅपरलीची कथा मराठी वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही.

'जादूगार' हा मराठीत प्रतिष्ठेचा शब्द आहे, पण त्याचे स्त्रीलिंगी रूप रुळलेले नाही. पुरुषाच्या हाती जादू ही कला आणि स्त्रीच्या हाती तीच चेटूक, असा भेद भाषेतच आहे. सौम्य प्रतिशब्द योजून भाषांतरकाराने हा भेद झाकावा, की 'चेटकीण' हाच शब्द ठेवून त्याची धार बोथट करण्याचे काम कथेवर सोपवावे? टिफनीच्या बाबतीत दुसरा पर्याय योग्य वाटतो, कारण शब्दाचा कलंक हाच तेथे कथाविषय आहे. किकीसारख्या कथेत मात्र तो शब्द मूळ कृतीत नसलेली भीती आयात करील.

अध्यापनाच्या दृष्टीने रॅडल प्रसंग हा उत्तम चर्चाविषय ठरू शकतो. आरोग्याचा किंवा स्वच्छतेचा संदेश देवाच्या, भुताच्या वा शापाच्या भाषेत दिला तर लोक लवकर ऐकतात, असा अनुभव समाजकार्यात अनेकांना येतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात गावी जाणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर हा मोह प्रत्यक्ष उभा राहू शकतो. आज विहीर हलविणे महत्त्वाचे, की विहीर का हलवायची हे पटविणे महत्त्वाचे? या प्रश्नाला सोपे उत्तर नाही. मिस लेव्हलचा मार्ग अपयशी ठरला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्या अपयशावरचा उपाय अधिक चांगले समजावणे हा असू शकतो. भुताला कामाला लावणे हा एकमेव उपाय नव्हे.

९. निष्कर्ष
१) निवडक कलाकृतींत चेटकिणीचे चित्रण दंडनीय खलपात्राकडून शिकणाऱ्या नायिकेकडे सरकलेले आहे. तिचे शिक्षण मंत्रांपेक्षा परिणामांच्या जाणिवेचे आहे.
२) खोडकर जादूचे परिणाम दृश्य व निकटवर्ती असल्याने ते शिकवतात, उपकारक जादूचे परिणाम दूरवर पसरत असल्याने त्यांची जाणीव उशिरा होते.
३) प्रॉयस्लर यांची कथा चांगुलपणाची व्याख्या करण्याचा सत्ताधाऱ्यांचा अधिकार नाकारते; मात्र शेवटी नायिकेच्या हाती निरंकुश शक्ती सोपवून नवा प्रश्न निर्माण करते.
४) कादोनो यांची कथा उपकाराला परस्पर देवघेवीचे रूप देते. त्यामुळे घेणाऱ्याची प्रतिष्ठा अबाधित राहते.
५) प्रॅचेट यांच्या मालिकेत अंधश्रद्धेचा सदुपयोग व तिचे बळी हे दोन्ही एकाच समजुतीतून उद्भवतात. हा अंतर्विरोध तिचे दौर्बल्य नसून तिच्या चिकित्सक वाचनाचे प्रवेशद्वार आहे.
६) 'चेटकीण' या शब्दाचा सामाजिक भार लक्षात घेऊन प्रत्येक कलाकृतीसाठी भाषांतराचा निर्णय स्वतंत्रपणे घेणे आवश्यक आहे.

समारोप
बालसाहित्य म्हणजे केवळ मनोरंजन, असा समज आपल्या अभ्यासवर्तुळात अजूनही आढळतो. प्रस्तुत कथांनी उपस्थित केलेला प्रश्न मात्र प्रौढांचा, आणि विशेषतः शिक्षकांचा आहे. आपणही विद्यार्थ्यांच्या भल्यासाठी अनेक गोष्टी त्यांना न विचारता करतो, सोयीस्कर अर्धसत्ये सांगतो आणि परिणाम पाहायला थांबत नाही. लहानशी भट्टी पाहून, यात मूल मावणे शक्य नाही, हे ताडणारी नऊ वर्षांची टिफनी आपल्या वर्गात असेल, तर तिने घेतलेला आक्षेप ऐकून घेण्याची तयारी आपण ठेवली पाहिजे.